किल्ली कुणाकडे?

नवा प्रकल्प सुरू करताना कोडचा इतिहास सांभाळायला कोणतं साधन घ्यायचं, हा प्रश्न आज सहसा कुणी विचारत नाही. गिट असतंच. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपासून विंडोजच्या मूळ कोडपर्यंत सगळीकडे तेच. पण हा प्रश्न असा निकालात निघाल्याला फार वर्षं झालेली नाहीत. २००५ ते २०१० या काळात कितीतरी मोठ्या मुक्त प्रकल्पांमध्ये त्यावरून महिनोन्‌महिने खल झाला. लोकांनी तक्ते मांडले, घड्याळ लावून वेळा मोजल्या, मतं मागवली. त्याआधी तीसेक वर्षं हाच वाद लहान लहान खोल्यांमध्ये, दोन-चार माणसांत चालू होता.

या वादांत वरवर चर्चा असते ती वेगाची, आज्ञा सोप्या की अवघड याची, विंडोजवर चालतं की नाही याची. मागे मागे जात राहिलं की मला मात्र या सगळ्यांखाली एकच जुनी कटकट दिसते. सामाईक कोडमध्ये लिहिण्याची किल्ली कुणाकडे असावी? प्रत्येक साधनाने या प्रश्नाचं आपलं एक उत्तर दिलं, आणि साधन निवडणाऱ्यांनी, कळत असो वा नसो, ते उत्तरच निवडलं.

पहिलं नाव घ्यायला हवं ते ‘सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम’चं, म्हणजे एससीसीएसचं. १९७२ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी ते आयबीएमच्या मोठ्या यंत्रासाठी लिहिलं आणि लगेच पुढच्या वर्षी युनिक्ससाठी सी भाषेत उतरवलं. त्यातली साठवणीची युक्ती आजही पाहण्यासारखी आहे. एका फाइलच्या सगळ्या आवृत्त्या एकाच फाइलीत एकमेकींत विणलेल्या. एखादी ओळ तिसऱ्या आवृत्तीत आली आणि सातवीत गेली, तरी ती जागची हलत नाही. तिच्या मागेपुढे ‘तीनमध्ये घातली’, ‘सातमध्ये काढली’ अशा खुणा तेवढ्या बसतात. पाचवी आवृत्ती हवी असेल तर फाइल वरून खाली एकदा वाचायची आणि पाचला ज्या ओळी जिवंत होत्या त्या वेचायच्या. पहिली आवृत्ती मागा नाहीतर शेवटची, कष्ट तेवढेच. डिस्क महाग होत्या त्या काळात हे फार सुबक होतं.

आणि किल्ली? फाइल दुरुस्तीसाठी उचलली की तिला कुलूप. ज्याने उचलली तो परत आणून ठेवेपर्यंत दुसऱ्याने फक्त वाचायचं. एका वेळी एक माणूस, एवढा सरळ हिशेब.

दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांनी ‘रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम’ मांडली. टिचींचं म्हणणं असं, की शंभरातल्या नव्याण्णव वेळा माणसाला शेवटची आवृत्तीच हवी असते. मग तीच अख्खी ठेवावी आणि मागच्या आवृत्त्या तिच्यापासून उलट्या फरकांनी काढाव्यात. जितकं मागे जाल तितका वेळ लागेल, पण रोजचं काम झटपट. आरसीएस हलकं होतं, फुकट मिळत होतं, आणि युनिक्सवाल्यांनी ते उचलून धरलं. कुलूप मात्र तसंच राहिलं.

कुलपाची ही पद्धत आपल्याकडेही पुष्कळांनी अनुभवली आहे, वेगळ्या साधनातून. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेलं ‘व्हिज्युअल सोर्ससेफ’ २००० च्या आसपास पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत सर्रास असायचं, आणि त्याचा नेहमीचा बेत हाच होता: एकाने फाइल चेक-आउट केली की बाकीच्यांनी थांबायचं. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, फाइल चेक-आउट करून गणपतीला कोकणात गेलेल्या सहकाऱ्याची एक तरी गोष्ट ऐकायला मिळेल. मोबाइलला रेंज नाही, डेडलाइन शुक्रवारची, आणि कुलूप मोडायचे अधिकार ज्या अॅडमिनकडे, तोही रजेवर.

कुलूप काढून टाकायची कल्पना निघाली अॅमस्टरडॅमला, अगदी घरगुती अडचणीतून. तिथल्या फ्राय विद्यापीठातले डिक ग्रून दोन विद्यार्थ्यांबरोबर एक सी कंपायलर लिहीत होते. काळ जुलै १९८४ ते ऑगस्ट १९८५. एक विद्यार्थी नऊ ते पाच इमानेइतबारे काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा पत्ता नाही, आणि ग्रून यांना स्वतःला मोकळा वेळ संध्याकाळीच. तिघांची गाठ पडणार कधी आणि कुलपं उघडणार कधी? म्हणून त्यांनी आरसीएसच्याच फाइलींवर काही शेल स्क्रिप्ट्स रचल्या. प्रत्येकाने आपली वेगळी प्रत घ्यायची, हवं ते बदलायचं, आणि काम झालं की सामाईक साठ्यात टाकायचं, म्हणजे ‘कमिट’ करायचं. मध्यंतरी दुसऱ्याने काही टाकलं असेल तर आधी ते आपल्या प्रतीत मिसळून घ्यायचं. एकाच ओळीवर दोघांचे हात पडले असतील तर बसून निस्तरायचं. या स्क्रिप्ट्सचं पहिलं नाव ‘सीएमटी’ होतं, कमिट या शब्दावरून. १९८६ मध्ये ग्रून यांनी त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या तेव्हा नाव झालं सीव्हीएस. पुढे ब्रायन बर्लिनर यांनी ते सीमध्ये नव्याने लिहिलं.

एकाच वेळी अनेकांना त्याच फाइलीत हात घालू दिला तर गोंधळ माजेल, अशी भीती तेव्हा जाणत्यांनाही वाटायची. प्रत्यक्षात असे कॉन्फ्लिक्ट फारच कमी येतात असं निघालं. माणसं बहुधा वेगवेगळ्या कोपऱ्यांत काम करत असतात. कुलूप हे क्वचित येणाऱ्या दुखण्यावर रोजचं पथ्य होतं.

पुढे इंटरनेट आलं, सीव्हीएसला दूरवरून जोडता येऊ लागलं, आणि किल्लीच्या प्रश्नाने नवं रूप घेतलं. आता साठा एका सर्व्हरवर होता आणि त्यात लिहिण्याचा अधिकार ही मोजक्यांना मिळणारी गोष्ट झाली. प्रकल्पात दोन वर्ण पडले: कमिट करू शकणारे आणि बाकीचे. बाकीच्यांना सुरुवातीला साठा वाचताही यायचा नाही. अधूनमधून तयार गठ्ठा प्रसिद्ध होईल तो उतरवून घ्यायचा. १९९५ मध्ये ओपनबीएसडीने निनावी सीव्हीएस सुरू करून ही भिंत पहिल्यांदा पाडली. लिहिता येत नसलं तरी रोजचं काम, त्याचा सगळा इतिहास, कुणालाही पाहता येऊ लागला. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात या घटनेला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही असं माझं मत आहे. आज ज्याला आपण ‘खुला’ प्रकल्प म्हणतो त्याची सवय इथून लागली.

सीव्हीएसचे दोष मात्र जन्मजात होते, कारण त्याच्या पोटात आरसीएसच्याच सुट्या सुट्या फाइली होत्या. वीस फाइली एकत्र कमिट करताना मध्येच जोडणी तुटली तर बारा आत आणि आठ बाहेर. फाइलचं नाव बदलायची सोयच नव्हती. जुनी काढून नवी घालायची आणि इतिहासावर पाणी सोडायचं, नाहीतर सर्व्हरवर शिरून मूळ फाइल हाताने हलवायची. २००० साली कोलॅबनेट कंपनीने कार्ल फोगेल, बेन कॉलिन्स-ससमन, जिम ब्लँडी अशा मंडळींना घेऊन हे दोष काढायला ‘सबव्हर्जन’ सुरू केलं, १.० आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये आली. कमिट आता अखंड होता, सगळा आत नाहीतर सगळा बाहेर. फोल्डरनाही इतिहास मिळाला, नाव बदलता येऊ लागलं. पण ब्रँच परत मुख्य धारेत मिसळणं हे काम २००८ च्या १.५ आवृत्तीपर्यंत माणसाच्या आठवणीवरच होतं: कुठून कुठपर्यंतच्या आवृत्त्या मिसळल्या हे कमिटच्या संदेशात लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळी शोधायचं. किल्लीच्या बाबतीत सबव्हर्जन सीव्हीएसपेक्षा एक पाऊलही वेगळं नव्हतं. एक सर्व्हर, एक यादी.

हे एक घराणं झालं: आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन. दुसरं घराणं एससीसीएसपासून निघतं आणि ते फारसं सांगितलं जात नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये सोलॅरिस लिहिणारे लोक एससीसीएसच वापरत राहिले, पण त्यावर त्यांनी ‘टीमवेअर’ नावाचा थर चढवला. त्यात प्रत्येकाकडे साठ्याची पूर्ण प्रत असायची आणि एका प्रतीतले बदल दुसरीत आणता यायचे. हा प्रकार सुरुवातीला ज्यांच्या हातून घडला त्यांत लॅरी मॅकव्हॉय होते. सन सोडल्यावर त्यांनी ‘बिटमूव्हर’ ही कंपनी काढली आणि ‘बिटकीपर’ बनवलं. त्याच्या पोटातही रॉचकाइंड यांचीच वीण होती.

मॅकव्हॉयना गिऱ्हाईक कोण हवं होतं ते उघड होतं. लायनस टोरवाल्ड्‌स १९९१ पासून लिनक्सचा गाभा कुठल्याही अशा साधनाशिवाय सांभाळत होते. लोक ई-मेलने पॅच, म्हणजे बदलांचे तुकडे, पाठवत, ते लॅरी वॉल यांच्या १९८५ सालच्या ‘पॅच’ या इवल्या प्रोग्रॅमने आपल्या प्रतीत बसवत आणि वेळोवेळी गठ्ठा प्रसिद्ध करत. सीव्हीएस त्यांना कधी पसंत पडलं नाही. एकट्या माणसाच्या मेलबॉक्सवर चाललेला हा कारभार १९९८ मध्ये तुंबला. पाठवलेले पॅच गायब होऊ लागले, लोक तेच पुन्हा पुन्हा पाठवू लागले, आणि लायनस वैतागून काही दिवस सुटीवर गेले. तेव्हाच मॅकव्हॉयनी साधन देऊ केलं. ते हातात यायला २००२ चा फेब्रुवारी उजाडला.

बिटकीपर व्यापारी माल होता. मुक्त प्रकल्पांना फुकट, पण अटीवर: वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणारं साधन बनवायचं नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या सर्वांत मोठ्या प्रकल्पाने बंद साधन घेतल्यावर गहजब झाला, मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमनही त्यात होते. लायनसचं उत्तर सरळ होतं: कामाला चांगलं आहे, म्हणून वापरतो. आणि खरंच कामाचा वेग वाढला. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. बिटकीपरने लिनक्सवाल्यांना साठ्याच्या पूर्ण प्रती प्रत्येकाकडे ठेवून काम करायची सवय लावली, आणि त्याच वेळी त्या सगळ्या प्रतींची किल्ली एका कंपनीच्या परवानापत्रात ठेवली.

ती किल्ली फिरली २००५ मध्ये. ‘सांबा’चे कर्ते अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरचं सर्व्हरशी चालणारं बोलणं समजून घेऊन त्यातून माहिती काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. मॅकव्हॉयनी याला परवान्याचा भंग मानलं आणि फुकट वापर बंद केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनबेरा इथल्या लिनक्स परिषदेत ट्रिजेलनी मंचावर आपण काय केलं ते करून दाखवलं. टेलनेटने बिटकीपरच्या सर्व्हरच्या पोर्टला जोडलं आणि श्रोत्यांना विचारलं, आता काय टाइप करू? सभागृहातून आवाज आला, ‘हेल्प’. त्यांनी ‘हेल्प’ टाइप केलं आणि सर्व्हरने आपल्या आज्ञांची यादी पुढे ठेवली. (खुद्द बिटकीपर पुढे २०१६ साली मुक्त परवान्याखाली खुलं झालं. तोवर त्याची वाट बघणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.)

लायनसनी बाजारात होतं ते पाहिलं. ग्रेडन होअर यांचं ‘मोनोटोन’ त्यांना विचाराने आवडलं, पण ते संथ होतं. एक पॅच बसवायला तीस सेकंद लागले आणि असे अडीचशे एकदम आले, तर दोन तास त्यातच जातील. तीन सेकंदांच्या वर वेळ लागता कामा नये, असा त्यांचा हिशेब होता. ३ एप्रिलला लिहायला सुरुवात केली. ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच कमिट झाला. त्या पहिल्या कमिटमध्ये एक एकसंध प्रोग्रॅम नव्हता, सात छोटी हत्यारं होती: एक साठा उघडायचं, एक फोल्डरचं चित्र लिहायचं, एक त्या चित्राला आधीच्याशी जोडून कमिट बनवायचं, असं. फरक साठवायचा नाही, प्रत्येक वेळी पूर्ण चित्र साठवायचं. आणि प्रत्येक गोष्टीला तिच्या मजकुरावरून काढलेलं चाळीस अंकांचं नाव द्यायचं, म्हणजे एक अक्षर बदललं तरी नाव बदलणार. जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ आवृत्ती गिटवरून निघाली. जुलैत लायनसनी गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली, ती आजतागायत त्यांच्याकडे आहे.

फरक साठवायचा नाही हा बाणा फार काळ टिकला नाही, हे इथेच सांगून टाकतो. साठे फुगू लागले तसे गिटने जुन्या वस्तू एका गठ्ठ्यात बांधून त्यांतले फरक ठेवायला सुरुवात केली, आणि त्यात साधारणपणे नवी आवृत्ती अख्खी आणि जुन्या तिच्यापासून फरकाने, असाच क्रम ठेवला. म्हणजे टिचींची १९८२ सालची युक्ती मागच्या दाराने आत आली. घराणी अशी मिसळतात.

बिटकीपर गेल्याच्या बातमीवर हात चालवणारे लायनस एकटेच नव्हते. ऑलिव्हिया मॅकॉल यांनी १९ एप्रिल २००५ ला ‘मर्क्युरिअल’ जाहीर केलं. उद्देश तोच, पण बहुतांश पायथनमध्ये लिहिलेलं आणि आज्ञा पुष्कळ सोप्या. कॅनॉनिकल कंपनीचं ‘बझार’ही त्याच सुमाराला उभं राहिलं.

या तिघांनी किल्लीचा प्रश्न मुळातच बदलला. साठा आता प्रत्येकाच्याच यंत्रावर, इतिहासासकट पूर्ण. कमिट करायला कुणाची परवानगी नको. परवानगीचा प्रश्न उरला तो एवढाच, की कोण कुणाच्या प्रतीतून बदल ओढून घेतं. मे २००७ मध्ये गूगलच्या कचेरीत दिलेल्या भाषणात लायनसनी याच मुद्द्यावर जोर दिला होता: कमिटचा अधिकार कुणाला द्यायचा या प्रश्नामागे चालणारं राजकारण यात उरत नाही, मी ज्यांच्यावर विश्वास ठेवतो त्यांच्याकडून घेतो, बाकीच्यांनी आपापलं करत राहावं. त्याच भाषणात त्यांनी सबव्हर्जनची जी हजेरी घेतली ती ऐकताना सबव्हर्जनवाल्यांची कीव येते.

आता निवड करायची वेळ आली आणि तिघांतून एक घ्यायचं होतं. ही निवड सर्वांत नेटाने कशी झाली ते पायथनच्या प्रकल्पात बघायला मिळतं. पायथनचा कोड २००० सालापासून सोर्सफोर्जवर सीव्हीएसमध्ये होता, २००५ च्या ऑक्टोबरात सबव्हर्जनवर आला. २००८ संपता संपता ब्रेट कॅनन आणि आणखी चौघांनी ‘पेप ३७४’ हा दस्तऐवज लिहायला घेतला. पायथनमध्ये बदलाचे प्रस्ताव अशा क्रमांकित पेपमधूनच येतात. त्यातली पद्धत मला फार आवडते. कुठलं साधन श्रेष्ठ असा सवाल न टाकता त्यांनी रोजची कामं लिहून काढली. चालू आवृत्तीतली दुरुस्ती जुन्या आवृत्तीत कशी न्यायची? तिघांनी मिळून एखादं नवं काम मुख्य कोडला धक्का न लावता कसं करायचं? बाहेरच्या कुणाचा पॅच आला तर तपासून आत कसा घ्यायचा? मग प्रत्येक काम सबव्हर्जन, बझार, मर्क्युरिअल आणि गिट अशा चारही साधनांनी, आज्ञांसकट, करून दाखवलं. शिवाय वेळा मोजल्या. बदल हवाच कशाला, याच्या कारणांत किल्ली होतीच: ज्यांना कमिटचा अधिकार नाही त्यांनाही आपल्या कामाचा इतिहास ठेवता यावा, अर्धवट काम कमिट करून मागे येता यावं.

३० मार्च २००९ ला, शिकागोच्या पायकॉन परिषदेच्या दिवसांत, पायथनचे कर्ते गीदो व्हान रॉसम यांनी मर्क्युरिअलची निवड जाहीर केली. गिटला कट्टर समर्थक होते तसेच कट्टर विरोधकही होते. विंडोजवर ते तेव्हा अडखळायचं. पायथनच्या मुख्य मंडळींच्या पाहणीत मर्क्युरिअल पुढे होतं. आणि ते पायथनमध्ये लिहिलेलं होतं, म्हणजे घरचंच. बझार वेगात मागे पडलं. प्रत्येक कारण त्या दिवशी खरं होतं.

निवडायला काही महिने लागले, अमलात आणायला दोन वर्षं. त्यातलं एक विघ्न पाहा. विंडोजवर ओळ संपली की दोन अदृश्य चिन्हं येतात, युनिक्सवर एक. सबव्हर्जन प्रत्येक फाइलला ‘हिच्या ओळी त्या त्या यंत्राप्रमाणे ठेव’ अशी खूण लावून ठेवायचं. मर्क्युरिअलमध्ये अशी धड सोय नव्हती. सोय नाही तर विंडोजवरच्या एखाद्याने एक फाइल उघडून जतन केली की तिच्या हजारो ओळी बदललेल्या दिसणार आणि खरा बदल त्यात हरवणार. शेवटी त्यासाठी मर्क्युरिअलला एक खास जोड लिहावी लागली. पेप ३७४ च्या लांबलचक तुलनेने जे ठरवलं, ते या दोन अदृश्य चिन्हांपाशी बराच काळ अडून बसलं. मार्च २०११ मध्ये एकदाचा पायथन मर्क्युरिअलवर आला.

पण त्या दोन वर्षांत, आणि पुढच्या चारेक वर्षांत, पायाखालची जमीन सरकली होती. एप्रिल २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबने गिटच्या विखुरलेल्या प्रतींना एक पत्ता दिला. कुणाचाही साठा एका बटणाने आपल्या नावावर उचलायचा, त्यात बदल करायचे आणि मूळ मालकाकडे ‘हे ओढून घ्या’ अशी विनंती पाठवायची. लायनस ई-मेलवर करायचे ते इथे अनोळखी माणसालाही जमू लागलं. पायथनकडे मात्र पॅच अजून बग-यादीला चिकटवले जात आणि तिथेच पडून राहत. २०१४-१५ मध्ये पुन्हा पेपांची फैर झडली. कुणी म्हणालं आपलंच ठाणं उभारू, कुणी म्हणालं सरळ गिटहबवर जाऊ. १ जानेवारी २०१६ ला कॅनन यांनी गिटलॅब या तशाच ठिकाणाऐवजी गिटहब निवडल्याचं जाहीर केलं. १० फेब्रुवारी २०१७ ला कोड हलला. २०२२ मध्ये बग-यादीही मागोमाग गेली.

दोन्ही निवडी शेजारी ठेवून वाचल्या की सगळा फरक दिसतो. २००९ ची चर्चा आज्ञा, वेग, ओळींची शेवटची चिन्हं अशी हत्याराबद्दल होती. २०१६ च्या चर्चेत गिट विरुद्ध मर्क्युरिअल हा वादच गौण होता. मर्क्युरिअल काही बिघडलं नव्हतं, उलट सुधारलंच होतं. प्रश्न होता, माणसं कुठे आहेत? नवा मदतनीस कुठे येऊन दार ठोठावतो? आणि माणसं गिटहबवर होती. इतरांच्या वाटा याच दिशेने गेल्या. जावाचा ओपनजेडीके टीमवेअरवरून मर्क्युरिअलवर आणि तिथून २०२० मध्ये गिटवर आला. तिथे साठ्याचा आकार हेही कारण होतं, मर्क्युरिअलमध्ये १.२ जीबीच्या आसपास असलेला इतिहास गिटमध्ये ३०० एमबीवर येत होता. मोझिलानेही तेच केलं, सगळ्यात उशिरा. बिटबकेट हे ठिकाण तर मर्क्युरिअलसाठीच २००८ मध्ये जन्मलं होतं. २०२० मध्ये त्याने मर्क्युरिअलचे साठे काढून टाकले.

उलट दिशेचं एक ठळक उदाहरण फेसबुकचं. त्यांचा एकच प्रचंड साठा गिटला झेपेना, साठा तोडा असा सल्ला मिळाला, तो त्यांना मान्य नव्हता. म्हणून २०१४ च्या सुमाराला त्यांनी मर्क्युरिअल घेतलं आणि स्वतःच्या मापाचं करून घेतलं. मायक्रोसॉफ्टने त्याच अडचणीवर दुसरा उतारा काढला. ३०० जीबीचा, ३५ लाख फाइलींचा विंडोजचा साठा २०१७ मध्ये गिटमध्ये आणताना गिटखाली एक आभासी फाइल-व्यवस्थाच घातली, जी हात लावलेल्या फाइलीच उतरवून घेते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ७५० कोटी डॉलरला गिटहबही विकत घेतलं.

आणि किल्ली? गिटमुळे ती प्रत्येकाच्या खिशात गेली होती. गिटहबमुळे सगळे पुन्हा एका दारापाशी जमले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांची गिटहबवरचे खाजगी साठे अडवले गेले. त्यांच्या यंत्रावरच्या प्रती शाबूत होत्या, एक ओळही हरवली नव्हती. फक्त बाकीच्यांना भेटण्याची जागा बंद झाली. इराणपुरतं ते दार २०२१ च्या जानेवारीत, परवाना मिळाल्यावर, पुन्हा उघडलं. २००५ साली बिटकीपरने लिनक्सवाल्यांना जे शिकवलं त्याची ही निराळी आवृत्ती होती, आणि या वेळी कुणी चार दिवसांत नवं साधन लिहायला बसलं नाही, कारण अडचण साधनात नव्हतीच.

काही मंडळी या प्रवाहात उतरलीच नाहीत. एसक्यूलाइट हा डेटाबेस, जो तुमच्या-माझ्या प्रत्येक फोनमध्ये असतो, २००९ मध्ये सीव्हीएस सोडून ‘फॉसिल’वर गेला. फॉसिल त्याच्याच कर्त्याने, रिचर्ड हिप यांनी, लिहिलेलं आहे; बग-यादी, कागदपत्रं, साठा सगळं एकाच फाइलीत. बाहेरच्यांचे पॅच ते सहसा घेत नाहीत, त्यामुळे माणसं कुठे आहेत हा प्रश्न त्यांना पडत नाही. ओपनबीएसडी अजून सीव्हीएसवर आहे. निनावी दार पहिल्यांदा उघडणारा प्रकल्प त्याच दाराशी बसून आहे. तरी तिथल्याच एकाने, स्टेफान श्पर्लिंग यांनी, ‘गेम ऑफ ट्रीज’ नावाचं साधन लिहिलंय. आज्ञा ओपनबीएसडीवाल्यांच्या सवयीच्या, पोटात साठा मात्र गिटचा. हे गृहस्थ पूर्वी सबव्हर्जन लिहीत असत.

अशीच गत ‘जुजुत्सु’ची. मार्टिन फॉन झ्वाइगबेर्क यांनी २०१९ अखेरीस हौसेने सुरू केलेलं हे साधन मर्क्युरिअलच्या चांगल्या सवयी घेऊन आलंय. चालू काम आपोआप कमिट होतं, कुठलीही आज्ञा उलटवता येते, कॉन्फ्लिक्ट आला तरी तो तसाच कमिटमध्ये ठेवून पुढे जाता येतं. साठा इथेही गिटचाच. त्यामुळे ते वापरू लागणाऱ्याला प्रकल्पात प्रस्ताव मांडावा लागत नाही, तुलनेचे तक्ते करावे लागत नाहीत. तो आपल्या यंत्रावर ते बसवतो आणि कामाला लागतो. पलीकडच्यांना दिसतात ते नेहमीचे गिटचे कमिट, आणि या माणसाने साधन बदललंय हे त्याने सांगितल्याखेरीज त्यांना कळतही नाही.